शेजारचा बोका घरात घुसून आमच्या मनीला चावतो, काय करू?

इंदिरानगरमध्ये रो-हाऊसमध्ये राहणाऱ्या एका ताईंचा हा प्रश्न आहे. त्यांची मनी दोन वर्षांची, ऑपरेशन झालेली. शेजारच्या काकूंचा भुऱ्या हा चांगला दणकट बोका, नसबंदी न झालेला. तो कंपाउंडच्या भिंतीवरून येतो, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरतो, मनीचं खाणं संपवतो आणि चपलांच्या स्टँडवर पिचकारी मारून जातो. परवा त्याने मनीला शेपटीच्या मुळाशी चावलं. सोडवायला गेलेल्या आईंच्या मनगटावर रक्त येईल इतका ओरखडा निघाला. काकू म्हणतात, "जनावर आहे, त्याला काय सांगणार?" ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: भिंतीवर तिखट टाकू का, बोक्याला पोत्यात घालून गंगापूर धरणाकडे सोडून येऊ का, आणि पोलिसांत तक्रार होते का?

मी नाशिकमध्ये कुत्र्या-मांजरांची डॉक्टर म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. रो-हाऊस आणि जुन्या बंगल्यांच्या वस्तीतून ही तक्रार सारखी येते, कारण एक भिंत दोन घरांची असते आणि बोक्याच्या लेखी ती रस्ता असते. तिन्ही प्रश्नांना उत्तर देते, पण आधी आईंचं बघू.

ताई, आईंना आजच्या आज सिव्हिलला घेऊन जा. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो असं आपल्याकडे अजून बरेच लोक धरून चालतात. मांजरापासूनही होतो. रक्त आलेला ओरखडा किंवा दात लागलेली जखम ही सगळ्यात गंभीर वर्गात मोडते, म्हणजे लसीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागू शकतं. ते तिथले डॉक्टर ठरवतील. परवाची जखम म्हणून उशीर झाला असं समजू नका, लस अजूनही घ्यायचीच. दंडात घेतली तर पहिला डोस सुरुवातीच्या दिवशी, आणि तो दिवस शून्य धरून पुढचे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. पुढे कधी असं झालं तर आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तेल काही लावायचं नाही. भुऱ्याला दहा दिवस नजरेसमोर ठेवायला हवं, पण त्यासाठी लस थांबवायची नाही. तो नीट खातो-पितो आहे ना, एवढं काकूंना रोज विचारत राहा. आणि मनगट सुजलं, लाल झालं, ठणकू लागलं तर वेगळं दाखवा. मांजराच्या नखादातांतून गेलेले जंतू माणसाच्या हाताला फार लवकर त्रास देतात.

आता मनी. शेपटीच्या मुळाशी चावा आहे याचा अर्थ ती पळत होती. तोंडावर किंवा पुढच्या पायांवर चावे असते तर ती उभी राहून भांडली असं म्हणता आलं असतं. मांजराचा सुळा बारीक आणि लांब असतो. तो कातडीतून खोल जातो, बाहेर आल्यावर वरचं भोक एका दिवसात मिटतं आणि जंतू आत कोंडले जातात. मी अशा मांजरीचे केस मशीनने काढते तेव्हा खाली टाचणीच्या टोकाएवढे दोन ठिपके दिसतात, खपली धरलेले, सुळ्यांमधल्या अंतरावर. एवढंच. घरच्यांना वाटतं, काही झालेलं नाही. दोन ते चार दिवसांत तिथे गरम, मऊ फुगवटा येतो, मांजर खाणं सोडते, पलंगाखाली जाऊन बसते, हात लावला की गुरगुरते. तो गळू असतो. फुटला की इतका पू येतो की घरचे घाबरतात, पण फुटल्यावर तिला बरं वाटायला लागतं. तिथपर्यंत जाऊ द्यायचं नसतं. चावा लागल्यापासून पहिल्या दिवसभरात दाखवलं तर बहुतेकदा अँटिबायोटिक आणि दुखणं कमी करणाऱ्या औषधावर भागतं. तुमचे दोन दिवस गेले आहेत, तेव्हा आजच न्या. गळू धरला असेल तर भूल देऊन उघडून धुवावा लागतो.

घरचं औषध देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. क्रोसिन, डोलो, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजरीच्या जिवावर बेततं. एक गोळीसुद्धा पुरते. मांजरीच्या यकृताला हे औषध निकामी करून बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहू शकेनाशा होतात. फिनाइल आणि डेटॉलसारखी द्रावणंही त्याच कारणाने घातक असतात: पंजाला लागतात, ती पंजे चाटते. जखम धुवायला कोमट पाण्यात थोडं मीठ घातलं तरी पुरतं.

पुन्हा भांडण जुंपलं तर हात मध्ये घालायचा नाही. सगळ्यांच्या जखमा इथेच होतात, आणि बऱ्याचदा चावणारी आपलीच मांजर असते, कारण त्या क्षणी ती तुम्हाला ओळखत नाही. ताट आपटा, मगभर पाणी फेका, जाड सतरंजी टाका, नाहीतर पाट किंवा उशी दोघांच्या मध्ये सरकवा. बोका पळाला की मनीला लगेच उचलू नका. एका खोलीत दिवा बंद करून तिला तासभर, गरज पडली तर रात्रभर एकटीला राहू द्या.

बोका असा का वागतो हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. सहा महिन्यांच्या आसपास बोका वयात येतो. तिथून पुढे त्याच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन त्याला हद्द आखायला, ती राखायला आणि माजावर आलेली मांजर शोधायला घराबाहेर काढतं. गाल जाड होतात, मानेची कातडी घट्ट होते, कान फाटके दिसू लागतात. चपलांच्या स्टँडवरची पिचकारी ही खोडी नाही, "ही जागा माझी" अशी ती पाटी आहे. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या लघवीत असणाऱ्या एका खास घटकामुळे तो वास इतका उग्र असतो. आपल्याकडे मांजरी जवळपास वर्षभर माजावर येतात, पण संक्रांत उलटून दिवस मोठा होऊ लागला की जोर वाढतो. तुमच्या गल्लीत तेव्हापासून रात्री रडण्याचे आवाज वाढले असतील तर ते हेच. मनीचं ऑपरेशन झालेलं आहे, म्हणून तो तिच्याकडे मादी म्हणून येत नाही. त्याला तिची हद्द हवी आहे आणि तिच्या वाटीतलं खाणं हवं आहे.

म्हणून पोत्यात घालून धरणाकडे सोडण्याचा विचार मनातून काढून टाका. भुऱ्या तिथे उपाशी मरेल, कुत्र्यांच्या तावडीत सापडेल, किंवा परत यायच्या नादात रस्त्यावर जाईल. प्राण्याला उपासमार होईल अशा ठिकाणी सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तुमच्या स्वार्थाचं बोलायचं तरी उपयोग शून्य आहे. गल्लीत खाणं आहे, मांजरी आहेत आणि बोक्याची जागा रिकामी आहे म्हटल्यावर थोड्याच दिवसांत दुसरा बोका येतो. तो कोणाचा, त्याला लस झाली आहे का, काहीच माहीत नसतं. भुऱ्याला निदान एक घर आहे आणि ते घर तुमच्या भिंतीला लागून आहे. तोडगा तिथूनच निघायचा आहे: भुऱ्याची नसबंदी. बाकी जे काही मी खाली सांगणार आहे ते तोपर्यंतची तजवीज आहे.

तेव्हा काकूंशी बोलणं हेच खरं काम. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक घरांत गाडं इथेच अडतं.

भांडण झाल्या दिवशी जाऊ नका. आवाज चढलेला असतो आणि काकूंना वाटतं, आपल्या लेकरावर कोणी तुटून पडलं. मनीचं औषधपाणी होऊ द्या, दोन दिवसांनी दुपारी निवांत जा. मनीच्या दवाखान्याचं बिल पुढे करू नका. सुरुवात भुऱ्यापासून करा: "काकू, भुऱ्याच्या कानाला लागलंय का हो? परवा रात्री फार भांडत होता." हे खोटं नाही, त्याला लागलेलंच असतं. मग मनीचं सांगा, आईंचं सांगा, आणि मग थेट विचारा: "डॉक्टर म्हणतात त्याचं ऑपरेशन केलं तर तो घर धरून राहील. मी अपॉइंटमेंट घेते, मी घेऊन जाते, खर्च अर्धा-अर्धा करू. चालेल का?" पूर्ण खर्च तुम्ही करू शकत असाल तर तसं म्हणा. अन्याय वाटेल, मला कळतं. पण मनीच्या गळवावर दोनदा भूल देण्याचा खर्च लावून बघा. बोक्याचं ऑपरेशन त्याहून हलकं असतं, मांजरीसारखं पोट उघडावं लागत नाही.

काकूंकडून काय उत्तरं येतील ती मला पाठ आहेत.

"मुक्या जिवाचं असं करणं पाप आहे." या माणसाशी वाद घालू नका, त्याला जिवाची कणव आहे आणि आपल्याला तीच हवी आहे. त्यांना सांगा की मोकळा फिरणारा बोका दर थोड्या दिवसांनी चावे खाऊन येतो, पू होऊन तापाने फणफणतो, माजावरच्या मांजरीमागे रात्री रस्ता ओलांडताना गाडीखाली जातो. चाव्यातून मांजरांमध्ये एफआयव्ही नावाचा विषाणू पसरतो. तो प्रतिकारशक्ती पोखरतो आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. माणसाला तो होत नाही, तेही सांगा, नाहीतर नसती भीती पसरते. भांडणारे बोके या रोगाचे पहिले बळी असतात. भुऱ्याला वाचवायचं असेल तर त्याची भांडणं थांबवावी लागतील.

"आमचा बोका आहे, पिल्लं थोडीच आमच्या घरी होणार?" हो, ती दुसऱ्याच्या माळ्यावर होतात. मांजरीला गाभणपण नऊ आठवड्यांचं असतं, आणि पिल्लं पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. पावसाळ्यात गल्लीत गारठून मेलेली पिल्लं काकूंनीही पाहिली असतील. त्यांच्या मनाला हे लागतं.

"ऑपरेशननंतर लघवी अडकते म्हणे." ही भीती खरी माणसं खऱ्या अनुभवातून सांगतात, कारण नसबंदी झालेल्या बोक्यांची लघवी अडकल्याचं त्यांनी पाहिलेलं असतं. पण नसबंदीने मूत्रमार्ग अरुंद होत नाही. अडकण्यामागे वाढलेलं वजन, कमी पाणी, नुसतं कोरडं खाणं आणि घरातला ताण ही कारणं जास्त असतात. ऑपरेशननंतर बोक्याची भूक वाढते आणि गरज कमी होते, म्हणून खाणं साधारण पाव हिश्शाने कमी करायचं, ओलं खाणं द्यायचं, पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवायचं. मात्र कोणताही बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसून जोर करत असेल आणि लघवी होत नसेल तर ती रात्र काढायची नाही. एक-दोन दिवसांत जीव जातो.

"तो आमचा नाहीच, आम्ही आपलं दूध घालतो." हे उत्तर आलं तर उलट काम सोपं झालं. तोंडी का होईना, मग विचारून घ्या: "मग मी त्याचं ऑपरेशन करून आणलं तर तुमची हरकत नाही ना?" हो म्हणाल्या तर तसा मोबाइलवर एक मेसेज घ्या. परवानगीशिवाय शेजाऱ्याच्या पाळीव बोक्याची नसबंदी मी करत नाही आणि कोणत्याही डॉक्टरने करू नये. भूल देण्यात थोडा का होईना धोका असतो, आणि तो पत्करायचा निर्णय मालकाचाच असतो. दुधाचंही सांगून ठेवा: मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात. उकडलेलं चिकन किंवा मासळी बरी.

काकू तयार झाल्या तर ऑपरेशनची तयारी अशी: आदल्या रात्री भुऱ्याला काकूंच्याच घरात कोंडून घ्या, नाहीतर सकाळी तो सापडत नाही. सहा ते आठ तास उपाशी, पाणी चालेल. प्लास्टिकचं बंद कॅरिअर वापरा आणि त्यावर चादर टाका. बाजारच्या कापडी पिशवीतून आणलेले बोके दवाखान्याच्या दारात सुटून पळालेले मी पाहिले आहेत. पकडू देत नसेल तर दाराचा पिंजरा लागतो, तुमच्या भागात मांजरांसाठी काम करणाऱ्यांकडे किंवा डॉक्टरांकडे तो मिळू शकतो. प्रत्यक्ष ऑपरेशन काही मिनिटांचं असतं, बाहेरून टाके बहुधा लागत नाहीत आणि संध्याकाळी तो घरी येतो. त्याच भुलेत कान, दात, जुने चावे बघून घेता येतात. रेबीजची आणि मांजरांची तिहेरी लस कधी द्यायची, तेही डॉक्टरांशी ठरवून टाका.

फरक कधी दिसतो? हॉर्मोन काही दिवसांत उतरतं, वागणं उतरायला काही आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिने. पहिले महिना-दीड महिना तो पिल्लं देऊ शकतो, म्हणून ऑपरेशन न झालेल्या मांजरींपासून लांब ठेवायचा. भटकणं, भांडणं आणि पिचकाऱ्या बहुतेक बोक्यांत स्पष्ट कमी होतात. पण वर्षानुवर्षं भांडत आलेल्या बोक्याला सवय लागलेली असते, तो पूर्ण गाय होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. तो तुमच्या स्वयंपाकघराला आपलं घर समजायचा थांबावा यासाठी तुमच्या बाजूनेही बंदोबस्त हवा.

तो बंदोबस्त खाण्यापासून सुरू होतो. मनीची वाटी दिवसभर भरून ठेवणं बंद करा. दोन-तीन वेळा घाला, वीस मिनिटांनी उचला. मागच्या मोरीपाशी खरकटं, सुकटाची पाटी, उघडा कचऱ्याचा डबा काही नको. खिडकीला डासांची नायलॉनची जाळी पुरत नाही, ती तो एका पंज्यात फाडतो. स्टीलची जाळी फ्रेममध्ये बसवून घ्या, फॅब्रिकेशनवाले ते काम सहज करतात. भिंतीवर काचा लावू नका. त्याऐवजी भिंतीच्या माथ्यावर तार ताणून त्यात पीव्हीसीचा पाइप ओवा, तो गोल फिरतो आणि मांजराला पकड मिळत नाही. भिंत सामायिक असेल तर काकूंना विचारूनच.

तिखटाचं उत्तर: नको. पंजाला लागलं की ते डोळ्यांत आणि तोंडात जातं, वाऱ्याने उडालं की मनीच्या आणि आईंच्याही. डांबराच्या गोळ्या तर विषारीच असतात.

चपलांचा स्टँड आधी कपड्यांच्या पावडरीच्या पाण्याने धुवा, मग पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसा आणि उन्हात वाळवा. एन्झाइमचं क्लीनर मिळालं तर उत्तम. वासाचा अंश राहिला की तो त्याच जागी पुन्हा मारतो.

मनीला निदान पुढचे दोन-तीन महिने घरात ठेवा. ती खिडकीत बसून भुऱ्याला बघत असेल, शेपटी फुगवून घशातून आवाज काढत असेल तर काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर कागद लावून टाका. बाहेरच्या बोक्यावर आलेला राग मांजर घरातल्या माणसावर किंवा दुसऱ्या मांजरीवर काढते, आणि घरच्यांना वाटतं हिला अचानक काय झालं. तशी ती दिसली तर समजवायला जाऊ नका, दार ओढून घ्या. उंचावर बसायला एक फळी, लपायला एक खोकं आणि रोज संध्याकाळी दोरीच्या तुकड्याने थोडा खेळ, इतकं मिळालं तर बहुतेक मांजरी घरात छान रमतात.

आता पोलिसांचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होईल असा निष्काळजीपणा केल्यास शिक्षा आहे, पण ती तरतूद जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत यांच्यासाठी आहे. मनगटावरच्या ओरखड्यासाठी ते दार ठोठावलंत तर पदरात फारसं काही पडणार नाही आणि काकूंशी बोलणं कायमचं तुटेल. उलट गल्लीत कोणी वैतागून भुऱ्याला विष घालायची भाषा केली तर त्यांना कलम 325 सांगा: प्राण्याला मारणं, विष देणं, जायबंदी करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. काकूंनी साफ नकार दिला तर त्यांच्या घरातलं दुसरं माणूस गाठा. सून, मुलगा, शाळेत जाणारी नात, भुऱ्याचं खाणंपिणं प्रत्यक्षात जे बघतं ते. बऱ्याचदा होकार तिथून येतो. तोपर्यंत जाळी आणि घरात राहणं यांवर मनी सुरक्षित राहू शकते.

मनीला आज दाखवायला न्याल तेव्हा तिची रेबीजची लस कधी झाली होती ती तारीख सोबत न्या. डॉक्टर बहुधा लगेच एक वाढीव डोस देतील. एफआयव्हीची तपासणी आजही करता येईल, पण आज ती निगेटिव्ह आली तर त्यावर विसंबू नका, कारण परवाच्या चाव्यातून लागण झाली असेल तर रक्तात ती दिसायला साधारण साठ दिवस लागतात. आजपासून दोन महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तेव्हा ती तपासणी पुन्हा करून घ्या.